बाहेर उभी केलेली मोटार

विम्बल्डन लागोपाठ दोनदा जिंकलेल्या बाईला गोल्फच्या सामन्याआधी कपडे बदलायचे असले, की ती आपल्या मोटारीत जाऊन बसायची. बरोबरीच्या खेळाडू समोरच्या क्लबहाऊसमध्ये. हिला मैदानावर खेळायची मुभा होती, त्या इमारतीत पाऊल टाकायची नव्हती. १९६४ साली अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये उतरलेली ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री, ॲल्थिया गिब्सन. तेव्हा तिने पस्तिशी ओलांडलेली होती.

टेनिसमध्ये एवढं नाव मिळवूनही तिला त्या वयात नवा खेळ शिकून पोट भरावं लागलं, ते का, हा प्रश्न मला तिच्या करंडकांपेक्षा जास्त छळतो.

तिचा जन्म १९२७ चा, साऊथ कॅरोलिनातल्या सिल्व्हर गावचा. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारे. पुढे कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आलं. ॲल्थिया शाळा बुडवण्यात पटाईत. तिच्या घरासमोरचा रस्ता ठरावीक वेळी वाहनांना बंद करून मुलांना खेळायला मोकळा ठेवत. तिथे लाकडी फळीने खेळायचं छोटं टेनिस ती शिकली आणि बाराव्या वर्षी शहरात पहिली आली. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्गणी काढून तिला कृष्णवर्णीयांच्या टेनिस क्लबात घातलं. पुढे दक्षिणेतल्या दोन कृष्णवर्णीय डॉक्टरांनी, ह्यूबर्ट ईटन आणि वॉल्टर जॉन्सन यांनी, तिच्या शिक्षणाची आणि खेळाची जबाबदारी घेतली. १९४७ पासून कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती ओळीने दहा वर्षं जिंकली.

पण ती स्पर्धा वेगळी. गोऱ्यांची राष्ट्रीय स्पर्धा फॉरेस्ट हिल्सला व्हायची. तिच्या नियमांत रंगाचा शब्द कुठेही नव्हता. फक्त तिथे प्रवेश हवा तर आधी काही मोठ्या स्पर्धा खेळलेल्या असाव्या लागत, आणि त्या स्पर्धा भरत अशा क्लबांत, जिथे कृष्णवर्णीयांना फाटकातून आत घेत नसत. झालं की मग! कुणी नाही म्हणायला नको, कुणाच्या हाताला डाग नको.

१९५० च्या जुलैत ॲलिस मार्बल या माजी विजेतीने एका टेनिस मासिकात या ढोंगावर सडकून लिहिलं. ती गोरी होती, चार वेळा राष्ट्रीय विजेती होती. तिला कोण गप्प बसवणार? ऑगस्टमध्ये ॲल्थियाला प्रवेश मिळाला. दुसऱ्याच फेरीत तिने विम्बल्डन विजेत्या लुईस ब्रफला जेरीस आणलं. तिसऱ्या सेटमध्ये ॲल्थिया ७-६ अशी पुढे, आणि वादळ आलं. वीज कोसळून स्टेडियमवरचा दगडी गरुड खाली पडला. सामना दुसऱ्या दिवसावर गेला, आणि रात्रभराच्या त्या विश्रांतीने ब्रफ सावरली; सेट ९-७ असा तिने घेतला.

पुढचं यश भराभर सांगते, कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं. १९५६ ला फ्रेंच, १९५७ आणि १९५८ ला विम्बल्डन आणि अमेरिकन, दोन्ही. १९५७ चा करंडक राणी एलिझाबेथने हातात दिला. न्यूयॉर्कने ब्रॉडवेवरून मिरवणूक काढली.

आता पैशांचं. त्या काळी या स्पर्धा हौशी खेळाडूंच्या. बक्षिसाची रक्कम नाही. मिळायचा तो प्रवासाचा नि राहण्याचा खर्च. श्रीमंत घरच्या मुलींना ते चालून जायचं. कापूसवाल्याच्या लेकीनं काय करावं? १९५८ नंतर तिने हौशी टेनिस सोडलं. गाण्याची तबकडी काढली, जॉन फोर्डच्या एका सिनेमात काम केलं, हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या बास्केटबॉल संघाच्या सामन्यांच्या जोडीने प्रदर्शनाचं टेनिस खेळली. आणि मग गोल्फ. काही क्लब तिला घ्यायलाच तयार नसत. जे घेत, त्यातल्या अनेकांचा दरवाजा तिला बंद. म्हणून ती मोटार.

हे वाचताना मला बाळू पालवणकर आठवतात. त्यांचा जन्म धारवाडचा, म्हणजे आमच्या बेळगावच्या शेजारचाच. पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला त्यांची डावखुरी फिरकी हवी होती. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. अमेरिकेला नावं ठेवताना माझी जीभ इथे जरा अडखळते.

टेनिसमध्ये व्यावसायिकांना मोठ्या स्पर्धांची दारं १९६८ साली उघडली. बक्षिसं वाढली, पण तोवर ॲल्थिया चाळिशी ओलांडून गेली होती. पुढे तिने न्यू जर्सीत क्रीडा खात्यात काम केलं. मग आजारपणं आली, पक्षाघाताचे झटके आले, आणि हातात पैसा उरला नाही. १९९५ च्या सुमारास तिने अँजेला बक्स्टनला फोन केला. अँजेला इंग्लंडची ज्यू खेळाडू. १९५६ साली दोघींनी मिळून फ्रेंच आणि विम्बल्डनचं दुहेरी जिंकलं होतं. ज्यू म्हणून क्लबांनी दारातून परत पाठवण्याचा अनुभव अँजेलालाही होता. ॲल्थियाकडे औषधाला आणि भाड्याला पैसे नव्हते. जीव द्यायचा विचार तिने बोलून दाखवला. अँजेलाने आधी स्वतःचे पैसे पाठवले, मग एका टेनिस मासिकात लोकांसाठी पत्र छापून आणलं. जगभरातून पैशांची पाकिटं ॲल्थियाच्या टपालपेटीत येऊन पडू लागली.

२००३ साली ती गेली. २०१९ मध्ये न्यूयॉर्कला, अमेरिकन स्पर्धेच्या आवारात, तिचा ग्रॅनाइटचा पुतळा बसवला. त्या दिवशी अँजेलाही आली होती. वय पंच्याऐंशी.