हेडीज आणि प्लूटोन : एका देवतानामाचा इतिहास

ग्रीक पुराणकथांतील पाताळाधिपती हेडीज याच्या नावाचा अर्थ 'अदृश्य' असा देण्याचा प्रघात आहे. संस्कृतातील 'विद्' ज्या मूळ धातूपासून आला तोच धातू, आणि त्यापूर्वी नकारार्थी 'अ', अशी ही व्युत्पत्ती होय. 'इलियड'च्या पाचव्या सर्गात आरेसला आपण दिसू नये म्हणून अथीना हेडीजचे शिरस्त्राण धारण करते. ही कथा ठाऊक असलेल्या वाचकास सदर अर्थ तत्काळ पटतो. परंतु जे सहज पटते ते सिद्ध झालेच, असे मात्र नव्हे.

होमरच्या काव्यात हे नाव 'आइदेस' असे येते, तर अथेन्सच्या बोलीत त्याचे रूप 'हाइदेस' असे आहे. आरंभीचा हा हकार नकारार्थी 'अ'पासून निघू शकत नाही. आशियातील आयोनियन बोलीत आद्य हकाराचा लोप झाला होता. त्यामुळे होमरचे रूप येथे निर्णायक ठरत नाही. ही अडचण ध्यानी घेऊन पाउल थीमे या जर्मन संस्कृतज्ञाने १९५२ मध्ये निराळी उपपत्ती मांडली. नावाच्या आरंभी नकार नसून 'सम्' या उपसर्गाचा सगोत्र शब्द असावा, आणि मूळ अर्थ 'एकत्र भेट' असा असावा, असे त्यांचे म्हणणे. शब्दारंभीच्या मूळ सकाराचा ग्रीकमध्ये हकार होतो, हा नियम त्यास अनुकूल आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील यमसूक्तातही मृताने पितरांस व यमास जाऊन मिळावे, ही कल्पना आढळते. थीमे यांचे मत सर्वमान्य झालेले नाही. तथापि 'अदृश्य' हा अर्थ निर्विवाद मानता येत नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

प्लेटोच्या 'क्राटिलस' या संवादात सॉक्रेटिस सांगतो की, बहुतेक लोक या नावाचा संबंध 'अदृश्या'शी जोडतात आणि त्याच्या भयाने देवास प्लूटोन म्हणतात. हा पुरावा मोलाचा आहे. पण तो ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ग्रीकांच्या भावनेचा पुरावा आहे, नावाच्या उगमाचा नव्हे.

'प्लूटोन' हे नाव 'प्लूतोस' म्हणजे संपत्ती या शब्दावरून आले. अभद्र नाव टाळून मंगल नाव घ्यावे, एवढेच या बदलाचे कारण सामान्यतः सांगितले जाते. ते अपुरे वाटते. 'इलियड'च्या नवव्या सर्गात अ‍ॅगमेम्नॉन म्हणतो की, हेडीज कोणत्याही विनवणीने द्रवत नाही आणि म्हणूनच तो मर्त्यांना सर्व देवांहून अप्रिय आहे. जो प्रसन्नच होत नाही, त्यास नैवेद्य कोण दाखवील? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस लिहितो की, त्याच्या माहितीत हेडीजची पूजा करणारे लोक केवळ एलिसचे. आणि तेथील देऊळही वर्षातून एकदाच उघडले जाई.

प्लूटोनची गोष्ट निराळी आहे. एल्युसिस येथे धान्यदेवता डिमीटर हिच्या परिवारात त्यास स्थान होते. आशिया मायनरमधील हिएरापोलिस येथे विषारी वायू सोडणाऱ्या विवरापाशी त्याचे क्षेत्र होते. फ्रान्चेस्को द'आन्द्रिया यांच्या नेतृत्वाखालील इटालियन पथकाने तेथे उत्खनन केले व २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष जाहीर केले. तेथे मिळालेला अर्पणलेख प्लूटोन आणि कोरे यांच्या नावे आहे. रोमनांनीही 'डिस' या नावात संपत्तीचाच अर्थ पाहिला. सिसेरोने तसे स्पष्ट म्हटले आहे.

तेव्हा नामांतर हे केवळ भयावरचे पांघरूण नव्हते. ज्या भूमीत मृत जातात तिच्यातूनच धान्य व धन वर येते, या जाणिवेने निष्ठुर राजास दात्याचे रूप दिले आणि उपासनेस आधार मिळाला. हा निष्कर्ष देवळे, लेख व नामप्रयोग यांवर उभा आहे. 'हेडीज'ची व्युत्पत्ती उद्या कोणतीही ठरली तरी त्यास बाध येत नाही. देवतेच्या इतिहासात व्युत्पत्तीस साक्षीदाराचे स्थान द्यावे, न्यायाधीशाचे देऊ नये.