महसुलाबाहेरची शोभा

नगरे वसविण्याच्या संगणकीय खेळांचा इतिहास पाहू गेल्यास असे आढळते की, ज्या सजावटीला आरंभी जमाखर्चात जेमतेम एक रकाना मिळाला होता, तीच पुढे त्या खेळांचे मुख्य प्रयोजन होऊन बसली.

विल राइट या अमेरिकन रचनाकाराने १९८४ साली हेलिकॉप्टरमधून बेटांवर बॉम्ब टाकण्याचा एक खेळ रचला. परंतु त्या बेटांचा विध्वंस करण्यापेक्षा त्यांवर रस्ते व इमारती मांडण्यातच आपले मन अधिक रमते, हे त्याच्या ध्यानी आले आणि त्या प्रत्ययातून १९८९ मध्ये ‘सिमसिटी’ जन्मास आली. तीत खेळणारा हा नगराचा मुखत्यार असे : त्याने वस्ती, व्यापार व कारखाने यांना जमिनी नेमून द्याव्यात, कर वसूल करावा आणि बंदोबस्त राखावा. उद्यानालाही तेथे स्थान होते. मात्र त्याच्या योगाने भोवतालच्या जमिनीचे मोल चढे, हीच त्याची सनद.

पुढे १९९१ च्या ओकलंडमधील भीषण वणव्यात राइटचे स्वतःचे घर भस्मसात झाले. संसार नव्याने मांडताना, माणसाला कोणत्या वस्तूंची खरी निकड असते, या प्रश्नाने त्याला ग्रासले. आणि त्या चिंतनाचा वाटा असलेल्या ‘द सिम्स’ या २००० सालच्या खेळात नगराच्या नकाशावर खिळलेली दृष्टी दिवाणखान्यातील खुर्ची-पलंगांपर्यंत उतरली.

जपानमध्ये चिबा सोडून निन्टेन्डोच्या नोकरीसाठी क्योटोस आलेल्या कात्सुया एगुची यांना आप्तेष्टांचा विरह जाणवला, आणि शेजाराची ती ओढ २००१ च्या ‘दोबुत्सु नो मोरी’ या खेळात साकार झाली. तेथे लढाई नव्हती. घराचे कर्ज फेडावे, सामान जमवावे, शेजाऱ्यांना पत्रे लिहावीत, एवढाच व्यवहार. याच मालिकेतील २०२० च्या ‘न्यू होरायझन्स’मध्ये सजावट घराचा उंबरठा ओलांडून बेटभर पसरली, दिवे, बाके, कुंपणे तर राहोतच, नदीचे पात्र आणि डोंगरकडेही खेळणाऱ्याच्या रुचीनुसार बदलू लागले.

अणुयुद्धोत्तर बॉस्टनच्या भग्नावशेषांत घडणाऱ्या ‘फॉलआउट ४’ची (२०१५) साक्ष तर अधिक बोलकी आहे. तेथे वस्तीच्या समाधानाचा हिशेब प्रामुख्याने अन्न, पाणी, खाटा आणि संरक्षण यांवर बेतलेला असूनही, पडक्या घरांचे लाकूड-लोखंड मोडून निवारे उभारणाऱ्यांनी त्यांच्या भिंतींवर चित्रे टांगली. निवारा मिळताच मनुष्य शोभेचा विचार करू लागतो. म्हणून ज्या नगररचनेत रहिवाशाच्या रुचीला जागा नाही, ती, मग ती पडद्यावरची असो वा भूमीवरची, अपुरीच मानली पाहिजे.