चुंबकीय द्रवांच्या चुंबकनाची प्रतिमाने

चुंबकीय द्रव म्हणजे केरोसिनसारख्या वाहक द्रवात सुमारे १० नॅनोमीटर व्यासाचे मॅग्नेटाइटचे कण विखुरलेले कलिल. ओलेइक अम्लाच्या थरामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत. असा द्रव १९६० च्या दशकात ‘नासा’मध्ये स्टीव्ह पॅपेल यांनी तयार केला.

सर्वांत साधे प्रतिमान पॉल लांझव्हँ यांच्या समचुंबकत्वाच्या सिद्धांतावर (१९०५) आधारलेले आहे. त्यात प्रत्येक कण हा स्वतंत्र, एकसारखा चुंबक मानतात. बाह्य चुंबकीय क्षेत्र त्याला आपल्या दिशेत वळवते, तर औष्णिक गती ती मांडणी विस्कटते. कणाची चुंबकीय ऊर्जा आणि औष्णिक ऊर्जा यांच्या गुणोत्तरावर चुंबकन ठरते. १० नॅनोमीटरच्या कणासाठी, सामान्य तापमानाला, या दोन ऊर्जा सुमारे ०.०१८ टेस्लाच्या क्षेत्रात समान होतात. तेव्हा चुंबकन संपृक्त मूल्याच्या सुमारे ३१ टक्के असते. कण लहानमोठे असल्यास आकारमानाच्या वितरणानुसार सरासरी काढतात.

दाट द्रवात कणांमधील आकर्षण-प्रतिकर्षण दुर्लक्षिता येत नाही. वाइस यांच्या माध्य-क्षेत्र प्रतिमानात बाह्य क्षेत्रात चुंबकनाचा एकतृतीयांश भाग मिळवतात. परंतु त्यातून निघणारे उत्स्फूर्त (क्षेत्राशिवायचे) चुंबकन प्रयोगात आढळत नाही. सुधारित प्रतिमानात या बेरजेत प्रत्यक्ष चुंबकनाऐवजी लांझव्हँ प्रतिमानातून मिळणारे चुंबकन घेतल्याने हा दोष टळतो. ही सर्व प्रतिमाने समतोल स्थितीची आहेत; बदलत्या क्षेत्रासाठी, चुंबकन समतोलाकडे कसे जाते हे सांगणारी शिथिलन समीकरणे वापरतात.