ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन
अमेरिकेतील सरकारी शाळांमधील वांशिक विभक्तीकरण घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल (१७ मे १९५४). ‘वेगळे, पण समान’ हे तत्त्व याच न्यायालयाने १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात मान्य केले होते. वेगळेपण काटेकोरपणे पाळले गेले. समानता मात्र कागदावरच राहिली.

वकील चार्ल्स ह्यूस्टन आणि त्यांचे शिष्य थर्गुड मार्शल यांनी आधी विधी महाविद्यालयांतील प्रवेशाचे खटले लढवून या तत्त्वाचा पाया खिळखिळा केला. पुढे कॅन्सस, साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया आणि डेलावेअर येथील दावे एकत्र चालले. साउथ कॅरोलायनातील लढा शाळेच्या बसच्या साध्या मागणीतून उभा राहिला. व्हर्जिनियातील फार्मव्हिल येथे कृष्णवर्णीय मुले डांबरी कागदाने मढवलेल्या खोपटांत शिकत. तेथे १९५१ मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने विद्यार्थ्यांचा संप घडवला. या साऱ्या लढ्यातील हे सर्वांत धीट पाऊल म्हणावे लागेल.

सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी नऊ न्यायमूर्तींचा एकमुखी निकाल वाचला : वेगळ्या शाळा मुळातच असमान असतात. मात्र १९५५ च्या पुढील आदेशात अंमलबजावणीची ठाम मुदत नव्हती, आणि ही उणीव महागात पडली. १९५७ मध्ये लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या शाळेत पोहोचवण्यासाठी लष्कर पाठवावे लागले. फार्मव्हिल ज्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत आहे, तिने एकत्रित शाळा टाळण्यासाठी १९५९ मध्ये सरकारी शाळाच बंद केल्या. त्या १९६४ मध्ये न्यायालयाच्या निकालानंतर उघडल्या.