मनाचे डॉक्टर कसे घडतात? भारतातील मनोविकारशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाचा इतिहास



मी भिलाईत अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा पदवीधरही नाही. तरीही हा पाठ लिहितो आहे, आणि त्याचे कारण आधी सांगितलेले बरे.

काही वर्षांपूर्वी तिसऱ्या सत्रातला एक मुलगा प्रयोगशाळेत येईनासा झाला. रात्र रात्र झोप नाही, कोणाशी बोलणे नाही, जेवण सुटलेले. मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतले आणि मनोविकारतज्ज्ञाला दाखवा असे सुचवले. ते मूळचे विदर्भातले. म्हणाले, "सर, आमच्या घरी कोणी पागल नाही जी." मी तासभर समजावले. शेवटी ते उठले आणि दारात थांबून विचारले, "बरं, नेऊ कुठं? असा डॉक्टर असतो तरी कुठं?" पहिल्या वाक्याला माझ्याकडे उत्तर होते, दुसऱ्या प्रश्नाला नव्हते. मुलाला उपचार मिळाले, पण उशिरा. पदवीही एक वर्ष उशिरा झाली.

असा डॉक्टर इतका दुर्मीळ का, हा प्रश्न इतिहासाचा आहे. रुग्णालयाची इमारत दोन-तीन वर्षांत उभी राहते. त्यात काम करणारा माणूस घडायला मात्र शिक्षणसंस्था, शिक्षक, अभ्यासक्रम आणि परीक्षा लागतात. या चार गोष्टी आपल्या देशात कधी व कशा आल्या, ते या पाठात पाहू.

१. इमारती होत्या, शिक्षण नव्हते

भिलाईचा परिसर तेव्हा दुर्ग-रायपूर भागात, म्हणजे ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात होता आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासूनचे आहे. प्रांतातले दुसरे जबलपूरला होते. छत्तीसगढपासून वऱ्हाडाच्या सीमेपर्यंतच्या मुलखासाठी एवढीच सोय. मुंबई इलाख्यात रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा येथे अशी रुग्णालये पुढे उभी राहिली.

या संस्थांना तेव्हा 'वेड्यांचे इस्पितळ' म्हणत आणि त्यांचा कारभार तुरुंगाच्या जवळचा होता. १८५८ च्या कायद्याने माणसाला आत कसे ठेवायचे हे ठरवले. त्याला बरे करणारा कोणी शिकलेला असावा, असा विचार त्यात नव्हता. प्रमुख म्हणून जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन इतर कामे सांभाळून येई. १९१२ च्या 'इंडियन ल्युनसी ॲक्ट'च्या सुमारास देखरेख तुरुंग खात्याकडून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे आली आणि मनोविकारांचे ज्ञान असलेले पूर्णवेळ अधिकारी नेमण्याचे धोरण आले.

पण नेमायचे कोणाला? देशात हा विषय शिकवणारी जागाच नव्हती.

२. रांची, कोलकाता, मुंबई: तीन वेगळ्या वाटा

पहिली वाट रांचीची. तेथील कांके येथे १९१८ मध्ये युरोपियन रुग्णांसाठी रुग्णालय सुरू झाले. १९१९ पासून त्याचे प्रमुख होते ओवेन बर्कली-हिल. १९२२ मध्ये हे रुग्णालय लंडन विद्यापीठाच्या 'डिप्लोमा इन सायकॉलॉजिकल मेडिसिन' म्हणजे डीपीएम या परीक्षेसाठी संलग्न झाले. भारतात मनोविकारशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाची सुरुवात येथे झाली असे म्हणता येईल. परंतु लक्षात घ्या: रुग्ण युरोपियन, परीक्षा लंडनची. शेजारीच भारतीय रुग्णांसाठी १९२५ मध्ये वेगळे रुग्णालय निघाले आणि त्याचे प्रमुख झाले डॉ. जाल धनजीभॉय हे पारशी गृहस्थ. पहिल्या संस्थेलाच पुढे 'केंद्रीय मनोचिकित्सा संस्थान' असे नाव मिळाले.

दुसरी वाट कोलकात्याची. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये 'इंडियन सायकोॲनॅलिटिकल सोसायटी' स्थापन केली. १९३३ मध्ये त्यांनी तेथील कारमायकेल मेडिकल कॉलेजात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी १९३८ मध्ये तसाच विभाग उघडला. हे बदल वरवर लहान दिसतात, पण शिक्षणाच्या दृष्टीने मोठे आहेत. मनोरुग्णालयात फक्त अतिगंभीर रुग्ण दिसत. चिंता, उदासी, झोप उडणे, न सापडणारी अंगदुखी अशा तक्रारी घेऊन येणारा माणूस बाह्यरुग्ण विभागातच भेटतो. असे रुग्ण ज्या विद्यार्थ्याने कधी पाहिलेच नाहीत, त्याला मनाचा आजार म्हणजे साखळदंड एवढेच माहीत असणार.

तिसरी वाट वैद्यकाच्या बाहेरची. मुंबईत १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटा संस्था निघाली. तिने १९३७ मध्ये मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केले. १९४८ मध्ये गौरी राणी बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली वैद्यकीय व मनोरुग्ण समाजकार्याचे विशेष शिक्षण तेथे सुरू झाले. रुग्णाच्या घरी जाणारा, कुटुंबाशी बोलणारा, त्याला पुन्हा कामाला लावणारा प्रशिक्षित माणूस हवा, ही जाणीव तेथे रुजली. आज ज्याला आपण 'वर्तनविज्ञान' म्हणतो त्याचे एक मूळ येथे आहे.

३. भोर समिती आणि १९५५ हे साल

नाशिकमध्ये जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये भारतातील आरोग्यसेवेचा अहवाल दिला. त्यात मनोरुग्णालयांची स्थिती स्पष्ट मांडली आहे. सुमारे ४० कोटी लोकसंख्येसाठी जवळपास १०,००० खाटा, म्हणजे ४०,००० माणसांमागे एक खाट. इंग्लंडमध्ये तेव्हा ३०० माणसांमागे एक खाट होती. समितीने केवळ खाटा मागितल्या नाहीत. डॉक्टर आणि इतर कर्मचारी यांना या विषयाचे शिक्षण देणारी संस्था काढा, असेही सांगितले.

त्या शिफारशीतून १९५४ मध्ये बेंगळूरु येथे 'अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था' स्थापन झाली. प्रमुख होते डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी. १९५५ मध्ये तेथे दोन अभ्यासक्रम सुरू झाले: डॉक्टरांसाठी डीपीएम आणि मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका. डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ एकाच छपराखाली, त्याच रुग्णांवर शिकू लागले. विली मायर-ग्रॉस यांच्यासारखे जागतिक कीर्तीचे मनोविकारतज्ज्ञही तेथे शिकवून गेले. १९७४ मध्ये शेजारचे राज्य मनोरुग्णालय आणि ही संस्था एकत्र होऊन 'निम्हान्स' झाली.

आता भिलाईकडे या. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. भट्टी उभी राहीपर्यंत थांबून मग माणसे शोधली गेली नाहीत. भारतीय अभियंत्यांना आधीच सोव्हिएत कारखान्यांत शिकायला पाठवले होते. नव्या देशाने एकाच वर्षी दोन क्षेत्रांत हा प्रश्न हाती घेतला: चालवणारा माणूस कोठून आणायचा? पोलादात उत्तर पटकन मिळाले. मनाच्या आजारांत ते अजून अपुरे आहे.

४. मनोरुग्णालयातून मेडिकल कॉलेजात

स्वातंत्र्यानंतरचा महत्त्वाचा बदल म्हणजे हा विषय सर्वसाधारण रुग्णालयांत आला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी विभाग वाढवला. पतंजलींच्या योगविचारावर आधारित उपचारपद्धतीचा त्यांनी व सहकाऱ्यांनी रुग्णांवर अभ्यासही केला. चंडीगढच्या पीजीआयमध्ये १९६३ मध्ये डॉ. एन. एन. विग यांनी विभाग उभा केला. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत राहू दिले. कुटुंब हा उपचाराचा भाग आहे, हा धडा भारतीय मनोविकारशास्त्र त्यांच्याकडून शिकले.

आजची शिक्षणाची घडी अशी आहे:

मनोविकारतज्ज्ञ: एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे एम.डी. किंवा डीएनबी. यात वॉर्ड, बाह्यरुग्ण विभाग, मुलांचे विकार, व्यसनमुक्ती, मज्जासंस्थेचे आजार या सर्व ठिकाणी काम आणि एक प्रबंध. औषधे लिहिण्याचा अधिकार यांना असतो. जुनी दोन वर्षांची डीपीएम पदविका मागे पडून तिच्या जागा एम.डी.त बदलत गेल्या.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट: मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. नंतर दोन वर्षांचे एम.फिल., तेही देखरेखीखाली रुग्णांसोबत काम करत. चाचण्या आणि मानसोपचार हे यांचे काम. नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झाल्याने ही रचना सध्या बदलते आहे. प्रवेश घेण्यापूर्वी परिषदेची मान्यता तपासा.

मनोरुग्ण समाजकार्यकर्ता आणि मनोरुग्ण परिचारिका: यांच्याशिवाय वॉर्ड चालत नाही आणि घरी गेलेला रुग्ण टिकत नाही.

५. मग संख्या का वाढली नाही?

पहिले कारण परीक्षेत आहे. एमबीबीएसला मनोविकारशास्त्राचा स्वतंत्र पेपर नाही. ते वैद्यकशास्त्राच्या पेपरात सामावलेले असते. तुम्हीही विद्यार्थी आहात, जे परीक्षेत येत नाही त्याचे काय होते हे तुम्हाला सांगायला नको. दुसरे कारण शिक्षकांचे. एम.डी.च्या जागा मान्यताप्राप्त प्राध्यापकांच्या संख्येवर अवलंबून असतात. प्राध्यापक कमी म्हणून जागा कमी, जागा कमी म्हणून पुढचे प्राध्यापक कमी. तिसरे कारण त्या वडिलांच्या पहिल्या वाक्यात आहे. ज्या आजाराचे नाव घ्यायची लाज वाटते, त्याचा डॉक्टर व्हायलाही मुले बिचकतात.

यावर दुसरा मार्गही शोधला गेला. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. कर्नाटकातील बेळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्सने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना थोडक्या मुदतीचे प्रशिक्षण देऊन पाहिले. १९९६ पासून तोच नमुना जिल्हा कार्यक्रम म्हणून पसरला. तज्ज्ञ पुरेसे नसतील तर तज्ज्ञाचे थोडे ज्ञान जवळच्या डॉक्टरला द्या, हा त्यामागचा विचार. छत्तीसगढमधील डॉक्टरांनाही निम्हान्सने दूरशिक्षणाने असे प्रशिक्षण दिले आहे. आपले राज्य २००० मध्ये झाले तेव्हा ग्वाल्हेर आणि इंदूरची मनोरुग्णालये मध्य प्रदेशात राहिली. बिलासपूरजवळ सेंद्री येथे राज्याचे मनोरुग्णालय त्यानंतर आले.

प्रशिक्षित माणूस नसेल तर काय होते, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी देशाने पाहिले. तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी निवाऱ्याला आग लागली. साखळीने बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. पंचवीसहून अधिक जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे २००९ पासून केंद्राने उत्कृष्टता केंद्रे आणि पदव्युत्तर विभाग वाढवण्यासाठी निधी देण्यास सुरुवात केली.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती, छत्तीसगढ त्यांपैकी एक. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. आणि वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नव्हते. मनोविकारतज्ज्ञांची संख्या लाखामागे ०.७५ च्या आसपास, म्हणजे एकही पुरता नाही.

६. एक मुदत

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ३१ वाचून पाहा. लोकसंख्येच्या प्रमाणात आंतरराष्ट्रीय निकषांइतके मानसिक आरोग्य व्यावसायिक तयार व्हावेत यासाठी सरकारने कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत प्रयत्न करावेत, असे ते सांगते. कायदा २०१८ मध्ये लागू झाला. म्हणजे मुदत २०२८ ची. मनोविकारतज्ज्ञ घडायला एमबीबीएस व इंटर्नशिप धरून साडेपाच आणि एम.डी.ची तीन, अशी किमान साडेआठ वर्षे लागतात. २०२८ मध्ये काम सुरू करणारा तज्ज्ञ २०२० पूर्वीच मेडिकल कॉलेजात दाखल झालेला असायला हवा. हे गणित अभियंत्यालाही कळते: उत्पादनाचा कालावधी मुदतीपेक्षा मोठा असेल, तर आज वाढवलेली जागा मुदतीनंतरच फळ देते. म्हणून ती वाढवायची नाही असे नव्हे. १९५५ ला जे सुरू झाले त्याच्यावरच आपण आज उभे आहोत.

तुमच्यापैकी कोणी मानसशास्त्र, समाजकार्य किंवा नर्सिंग शिकत असेल, तर या साखळीत तुमची जागा रिकामी आहे. बाकीच्यांनी एवढे करावे: खोलीतला मित्र झोपेनासा, बोलेनासा झाला तर "पागल" हा शब्द तोंडात येऊ देऊ नका. त्याच्यासोबत बसा, शिक्षकांना सांगा, आणि १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक जवळ ठेवा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी मोफत सेवा दिवसरात्र चालते. त्या वडिलांनी दारात विचारलेल्या प्रश्नाला आज माझ्याकडे निदान एवढे उत्तर आहे.

विचारासाठी प्रश्न

१. बाह्यरुग्ण विभाग सुरू झाल्याने मनोविकारशास्त्राच्या शिक्षणात कोणता फरक पडला?
२. तज्ज्ञ वाढवणे आणि प्राथमिक केंद्रातील डॉक्टरांना प्रशिक्षण देणे, यांपैकी तुमच्या जिल्ह्यासाठी आधी काय हवे? कारणे द्या.
३. तुमच्या घरापासून सर्वांत जवळचा मनोविकारतज्ज्ञ कोठे आहे, ते शोधून वहीत लिहून ठेवा.