शेवटचा कोस

सोलापूर जिल्ह्याच्या माढे तालुक्यात, कुर्डुवाडीजवळ, लऊळ नावाचे एक गाव आहे. पंढरीच्या वाटेने जाणाऱ्यांना ते कूर्मदासाचे गाव म्हणून ठाऊक असते. कूर्मदास मूळचा पैठणचा. त्याला हातपाय नव्हते. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकून त्याने वारीचा ध्यास घेतला आणि पोटावर सरपटत तो निघाला. लऊळापर्यंत पोचला. एकादशी तोंडावर आली, पंढरपूर काही कोसांवर राहिले, आणि देहाने साथ सोडली. तेव्हा पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांबरोबर त्याने विठ्ठलाला निरोप धाडला की, मला येववत नाही, आता तूच यावेस. आणि विठ्ठल लऊळास आला, असे परंपरा सांगते.

इतिहासाच्या कसोटीवर ही कथा जशीच्या तशी उतरणार नाही. कोणी कूर्मदासाला भानुदासाच्या कीर्तनात बसवतात. भेटीच्या प्रसंगी मात्र ज्ञानदेव, नामदेव आणि वाटेवरच्या अरणचा सावता माळी यांची नावे येतात. ज्ञानदेवांची समाधी 1296 ची आणि भानुदास पंधराव्या-सोळाव्या शतकातले. दोघांत दीड-दोनशे वर्षांचे अंतर आहे. पण ज्या कथेला सन-शकाचा आधार नसतो तीही सांगणाऱ्या समाजाच्या मनाचा पुरावा असतेच, आणि तेवढ्यापुरतीच आम्ही ती येथे घेतली आहे.

कूर्मदासाची गोष्ट निघाली की आपण त्याच्या निष्ठेचे कौतुक करतो. ते योग्यच आहे. परंतु कथेचा उत्तरार्ध आपण फारसा मनावर घेत नाही. शेवटचे कोस कूर्मदासाने तोडले नाहीत. ते देवाने तोडले. पोचण्याचा सगळा भार यात्रेकरूवर टाकू नये, ज्याच्या भेटीला तो निघाला आहे त्यानेही काही पावले पुढे यावे, असा त्या कथेचा निवाडा आहे. या निवाड्याची अंमलबजावणी आपण कितपत केली, एवढाच आमच्या आजच्या विवेचनाचा विषय.

प्रवासाच्या साधनांचा इतिहास पाहिला तर लांबचा पल्ला माणसाने फार लवकर जिंकलेला दिसतो. सोलापुरास आगगाडी 1860 साली आली. 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद गाडी बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत धावू लागली आणि 1906 मध्ये ती पंढरपुरास पोचली. ज्या मुलखात कूर्मदास थांबला तेथून पंढरपूर आता काही तासांवर आले. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लंगड्या-पांगळ्यांना ही गाडी केवढा दिलासा वाटली असेल! परंतु गाडी स्टेशनात येऊन थांबे. फलाट, रस्ता, वाळवंट, घाट आणि महाद्वार हे सारे पुढेच असे. तेथे पुन्हा कोणाचा तरी खांदा, कोणाची तरी पाठ शोधावी लागे.

समुद्रावरही हेच घडते. मोठ्या प्रवासी जहाजावर चाकाची खुर्ची घेऊन जाणारा माणूस जहाजाच्या आत विनासायास फिरू शकतो. अडचण उभी राहते ती बंदरात. धक्क्याशी पाणी उथळ असले की जहाज बाहेरच नांगर टाकते आणि उतारूंना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. जहाज धक्क्याला लागले तरी उतरण्याच्या फळीचा चढ भरती-ओहोटीबरोबर बदलत राहतो. ग्रीसमधील सांटोरिनी बेटावर जुन्या बंदरापासून कड्यावरच्या गावापर्यंत पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत. तेथे तारेवरून चालणारा पाळणा नसता तर कित्येकांना ते गाव खालूनच पाहावे लागले असते. आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. गेटवेपासून होडीने घारापुरीला जावे, धक्क्यापासून छोट्या आगगाडीने डोंगराच्या पायथ्याशी जावे, आणि मग सुमारे 120 पायऱ्या! ज्याला त्या चढवत नाहीत त्याने माणसांनी उचलायच्या खुर्चीत बसावे. खुर्ची उचलणाऱ्याच्या कष्टाबद्दल आम्हांला आदरच आहे. पण वर केव्हा जायचे, कोठे थांबायचे आणि केव्हा परतायचे, हे त्या खुर्चीत बसलेल्याच्या हाती राहत नाही.

प्राचीन वास्तूंना हात लावू नये, त्यांच्या काळी अशा सोयी नव्हत्याच, असे येथे कोणी म्हणेल. या आक्षेपाला इतिहासच उत्तर देतो. ग्रीसमध्ये एपिडॉरस येथे अस्क्लेपिअस या आरोग्यदेवतेचे क्षेत्र आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील तेथील इमारतींना दगडी उतार बांधलेले आढळतात. पुरातत्त्वज्ञ डेबी स्नीड यांनी 2020 साली असे प्रतिपादन केले की, व्याधिग्रस्त आणि चालता न येणाऱ्या यात्रेकरूंसाठीच ते बांधले असावेत. ज्या देवाकडे लंगडे-पांगळे येणार, त्याच्या दारी उतार हवा, हे तेथील गवंड्यांना कळत होते. त्याच देशात अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर 2004 च्या अपंगांच्या क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने लिफ्ट बसवली गेली आणि 2020 मध्ये तिच्या जागी नवी आली. पायरीअसच्या बंदरात उतरलेला खुर्चीवरचा प्रवासी आज त्या टेकडीवर जाऊ शकतो. त्या वेळी टेकडीवर केलेल्या काँक्रीटच्या वाटेवर मात्र पुष्कळ टीका झाली. तो वाद आम्ही क्षुल्लक मानत नाही. जुन्या दगडाची काळजी घेतलीच पाहिजे. मात्र त्या काळजीच्या नावाखाली माणसाला कायमचे पायथ्याशी बसवून ठेवणे न्यायाचे नव्हे.

आपल्याकडेही अधिकाराची भाषा आता स्पष्ट झाली आहे. 2016 साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, या बाबतीतले नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे राहून चालणार नाहीत. किमान सोयी बंधनकारक असल्या पाहिजेत. पंढरपूरला हा धडा नवा नाही. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी प्राण पणाला लावले, तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना विठ्ठलमंदिराचे दार उघडले. दार कोणासाठी बंद आहे हे समाजाला त्या वेळी दिसत होते, म्हणून त्याविरुद्ध लढता आले. पायरीचा अडसर मात्र चालणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतच नाही. तेथे कोणी कोणाला मज्जाव केलेला नसतो, आणि तरीही माणूस बाहेरच राहतो.

आमचे पायरीशी वैर नाही. नामदेवाच्या पायरीला हात लावून तो कपाळी नेणारे आम्हीही आहोत. पंढरीत देवाच्या पायांवर डोके ठेवता येते, हे त्या क्षेत्राचे भूषण. मग ज्याचे स्वतःचे पाय चालत नाहीत त्याला त्या पायांपाशी पोचता यावे, ही अपेक्षा जगावेगळी म्हणता येणार नाही. देवळे, किल्ले, घाट, स्टेशने, नाट्यगृहे आणि आपण जेथे जमतो ती व्याख्यानाची मंडपे, या प्रत्येक ठिकाणी एकदा तरी कोणी खुर्चीवर बसून दारापासून व्यासपीठापर्यंत जाऊन पाहावे. कोठे अडते ते तासाभरात कळेल.

कूर्मदासाने पैठणपासून लऊळापर्यंतची वाट स्वतः तोडली. त्याच्यासारखे पुष्कळजण आजही आपला वाटा उचलून निघालेले आहेत. उरलेले कोस आपल्याकडे आहेत.