सोन्याच्या गावातली पहिली पिढी

सुवर्णखाणींचा विषय निघाला की मराठी वाचकाच्या मनात सहसा कॅलिफोर्निया किंवा ऑस्ट्रेलिया येते. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, 1956 पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होते, त्याच राज्याच्या रायचूर जिल्ह्यात हट्टीची सोन्याची खाण आहे, हे क्वचितच लक्षात राहते. तिथून जवळच असलेल्या मस्की येथे 1915 साली सोन्याच्या शोधात हिंडणाऱ्या बीडन नावाच्या अभियंत्याला एक शिलालेख आढळला. ‘देवानांपिय’ म्हणजेच सम्राट अशोक, हे तोवर अनुमानाने मांडले जात होते. या लेखात मात्र अशोकाचे नावच कोरलेले निघाले. सोने शोधताना बुद्धाच्या परंपरेशी गाठ पडावी, हा मस्कीत योगायोग होता. दक्षिणेला कोलारच्या खाणीत मजुरांच्या पहिल्या पिढ्यांनी तीच गाठ जाणीवपूर्वक घातली.

कोलारचा छापील इतिहास साधारणपणे मायकेल लॅव्हेलपासून सुरू होतो. न्यूझीलंडच्या युद्धातून परतलेल्या या सैनिकाने 1870च्या दशकात म्हैसूर सरकारकडून खाणकामाचा परवाना मिळवला. 1880 पासून जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने कारभार हाती घेतला. 1902 साली शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्रातून तिथे वीज आली. या इतिहासात धाडस, भांडवल आणि यंत्रे आहेत. चूल मात्र नाही.

चूल मांडणारी कुटुंबे बहुतांशी उत्तर अर्काट आणि आसपासच्या तमिळ-तेलुगू जिल्ह्यांतून आली, आणि त्यांतली पुष्कळशी दलित होती. 1876-78 च्या दुष्काळाने दख्खन, मद्रास आणि म्हैसूर होरपळले होते. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती आणि ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्यांना मेस्त्रीने हातावर ठेवलेली उचल हाच गाव सोडण्याचा परवाना वाटला असेल, तर नवल नाही. खाणीजवळ त्यांच्या वाट्याला बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या आल्या. एका खोलीत सगळा संसार, दाट वस्ती, अपुरे पाणी आणि साथीचे रोग. पाळी संपवून वर आलेल्या मजुराची झडती होई, कारण त्याच्या अंगावर सोन्याचा कण असू शकतो, हे व्यवस्थेचे गृहीतक होते.

खोली वाढत गेली, तसा धोकाही वाढला. चॅम्पियन रीफ खाण 3000 मीटरांहून खाली उतरली. तिथे खडकच तापलेला असे आणि दाबाखालचा खडक अचानक फुटून माणसे गाडली जात. सिलिकोसिसची गती याहून संथ होती. छातीत साचलेली धूळ वर्षांनंतर बोलू लागे, तेव्हा कमावता पुरुष अंथरुणाला खिळलेला असे आणि घराचा भार बाईवर आलेला असे. अपघाताची निदान नोंद होते. दारिद्र्यात झिजणाऱ्या घराची नोंद कोण ठेवणार?

इथे ‘आद्य वसाहतकरी’ ही संकल्पनाच तपासावी लागते. अमेरिकी वाङ्मयातील असे कुटुंब हाल सोसते, पण त्या हालांच्या शेवटी जमिनीचा एखादा तुकडा त्याच्या नावावर होण्याची आशा असते (तो तुकडा मूळ रहिवाशांकडून हिरावलेला असतो, हा भाग वेगळा). कोलारच्या कुटुंबाला अशी आशा नव्हती. सोने कंपनीचे, आणि डोक्यावरचे छप्परही कामाशी बांधलेले. त्यामुळे त्यांच्या कष्टांना विजयगाथेचा साचा लावता येत नाही.

तरीही ही केवळ दैन्याची कथा नव्हे. गावातली जातीची उतरंड इथे पुसली गेली नाही. पण रोख मजुरी होती, दाट वस्ती होती आणि गावकीचा पहारा सैल होता. पंडित अयोती दास यांनी 1898 मध्ये मद्रासला शाक्य बौद्ध संघ स्थापन केला आणि 1907 पासून एक तमिळ साप्ताहिक चालवले. त्यांच्या चळवळीला कोलारच्या मारिकुप्पमने भक्कम आधार दिला. 1914 मध्ये ते निवर्तल्यानंतर त्यांचे लेखन पुस्तकरूपाने टिकवण्यात तिथल्याच सिद्धार्थ मुद्रणालयाचा वाटा मोठा आहे. तट्ट्यांच्या वस्तीने स्वतःचे ग्रंथ छापले, आणि तेही नागपूरच्या 1956 च्या धम्मदीक्षेच्या कितीतरी आधी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय ज्या शहरात आहे, तिथल्या वाचकाला हा दुवा परका वाटू नये. मुंबईच्या गिरण्यांत तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना विणखात्यात प्रवेश नव्हता. तिथल्या चाळींतूनही चळवळ आणि साहित्य उभे राहिले. आपल्या दलित आत्मकथनांच्या अभ्यासाशेजारी कोलारची ही तमिळ परंपरा ठेवली, तर दोन्हींचा अर्थ अधिक स्पष्ट होईल.

28 फेब्रुवारी 2001 रोजी कोलारची खाण बंद झाली. मागे सायनाइडच्या प्रक्रियेतून उरलेल्या मातीचे डोंगर राहिले. वारा सुटला की त्यांची धूळ अजूनही वस्तीवर येते. खाणीतून किती सोने निघाले, याचा हिशेब कंपनीच्या वह्यांत आहे. त्या सोन्यासाठी घरांनी काय मोजले, याचा हिशेब मात्र साहित्याच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांकडे अजून बाकी आहे.